बिगफूटच्या नोंदी नकाशावर मांडल्या, आता त्यातून आकृतिबंध कसा शोधायचा?

समोच्च_रेषा

मंडळी, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या तीन राज्यांतल्या बिगफूट (दोन पायांवर चालणारा, दंतकथेतला धिप्पाड केसाळ प्राणी) दिसल्याच्या नोंदी एका तक्त्यात गोळा केल्या आहेत. बहुतेक नोंदी बीएफआरओ या बिगफूटच्या नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेच्या जाहीर यादीतल्या आहेत, काही जुन्या वर्तमानपत्रांतल्या. प्रत्येक ओळीत काउंटी (जिल्हा), जवळचं गाव किंवा रस्ता, तारीख, वेळ, बीएफआरओची अ-ब-क वर्गवारी आणि साक्षीदाराचं वर्णन एवढं आहे.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटमॅप (नोंदी दाट तिथे गडद रंग) काढला की सिएटल ते पोर्टलंड असा लाल पट्टा दिसतो. तो लोकवस्तीचाच नकाशा आहे हे कळतंय. म्हणून काउंटीनिहाय नोंदींना लोकसंख्येने भागलं, तर नकाशा पार उलटा झाला आणि अगदी विरळ वस्तीच्या काउंट्या सगळ्यात वर आल्या. दोन्ही पटत नाहीत.

शिवाय तीन गोष्टी ठळक दिसतात, पण त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा ते समजत नाही. पहिली, बहुतेक ठिपके ओढ्यानद्यांच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत आहेत. दुसरी, ऑक्टोबरमध्ये नोंदी वाढतात. तिसरी, संध्याकाळी सहा ते नऊ हा काळ सगळ्यात गजबजलेला आहे.

प्राणी आहे की नाही हा वाद कृपया या धाग्यावर नको. लोकांनी नोंदी केल्या आहेत एवढं तर पक्कं आहे. त्या कुठे आणि केव्हा होतात आणि का, हे नीट काढायचं आहे. काम कुठल्या क्रमाने करावं?

विदागार

हीटमॅप तूर्त बंद करा आणि तक्त्यात एक स्तंभ वाढवा: त्रुटी-त्रिज्या, म्हणजे खरी जागा ठिपक्यापासून किती लांब असू शकते ते, मीटरमध्ये. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं काहीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशावर प्रत्येक ठिपका सारखाच टोकदार दिसतो. प्रत्यक्षात एक ठिपका ५० मीटरचा असतो आणि शेजारचा ५० किलोमीटरचा.

नैसर्गिक इतिहासाची संग्रहालयं जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरून ठिकाण ठरवताना बिंदू आणि त्रिज्या अशी जोडी वापरतात. ही पद्धत २००४ साली रीतसर मांडली गेली आणि इथे ती जशीच्या तशी लागू पडते. साक्षीदाराने जीपीएसचे आकडे दिले असतील तर ५० मीटर धरा. महामार्गाचा मैलाचा दगड दिला असेल तर ८०० मीटर, कारण माणसं जवळचा पूर्ण मैल सांगतात आणि चूक अर्ध्या मैलापर्यंत जाते. 'अमुक तळ्याजवळ' असेल तर तळ्याच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर अधिक दोन किलोमीटर.

'गावाच्या उत्तरेला दहा मैल' या प्रकाराकडे जास्त लक्ष द्या, कारण अशा नोंदी भरपूर असतात. दहा मैल म्हणजे १६ किलोमीटर. नुसतं 'उत्तर' म्हटलं की दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश गृहीत धरावे लागतात, म्हणजे आडवी चूक सुमारे साडेसहा किलोमीटर. दहा हा गोल आकडा असल्यामुळे आणखी दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे. त्यातही डोंगरातल्या रस्त्याने दहा मैल म्हणजे सरळ रेषेत कितीतरी कमी भरतात. साक्षीदार गाडीतून जात असेल तर अंतर रस्त्यावर मोजा. नक्की कळत नसेल तर त्रिज्या आठ-दहा किलोमीटर लिहून मोकळे व्हा.

फक्त काउंटीच माहीत असेल तर? वॉशिंग्टनमधली ओकॅनोगन काउंटी १३ हजार चौरस किलोमीटरहून मोठी आहे. तेवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या ६५ किलोमीटरच्या वर जाते. अशी नोंद फेकू नका, काउंटीनिहाय मोजणीत ती पूर्णपणे चालते. मात्र नदीपासूनचं अंतर किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची काढताना ती आपोआप गळली पाहिजे. उंचीसाठी मी ५०० मीटरहून मोठ्या त्रुटी-त्रिज्येची एकही नोंद घेणार नाही, कारण कॅस्केड पर्वतरांगेत पाच किलोमीटर सरकलं की उंचीत हजार मीटरचा फरक सहज पडतो.

आता ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढताना काय काय बिघडतं ते सांगतो.

नॉमिनॅटिम या पत्त्यावरून अक्षांश-रेखांश देणाऱ्या साधनाची सार्वजनिक सेवा वापरत असाल तर सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती पाठवू नका, तसा त्यांचा नियमच आहे. पत्ता एका वाक्यात न देता राज्य, काउंटी, गाव असे भाग वेगळे द्या. अमेरिकेत तीस राज्यांत 'वॉशिंग्टन काउंटी' आहे, त्यातली एक ओरेगनमध्ये, आणि तुमच्या यादीत वॉशिंग्टन हे राज्यही आहे. गोंधळ ठरलेला. ओढे, शिखरं, खिंडी यांची नावं गावांच्या शोधात नीट सापडत नाहीत. त्यासाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची भौगोलिक नावांची यादी उतरवून घ्या आणि काउंटीसह जुळवा, कारण 'बेअर क्रीक' नावाचे ओढे जागोजागी आहेत.

आकडे आले की तीन तपासण्या लगेच करा. पहिली: मिळालेला बिंदू कुठल्या काउंटीत पडतो ते काउंट्यांच्या सीमांच्या बहुभुजांशी जोडून काढा आणि नोंदीत लिहिलेल्या काउंटीशी ताडा. न जुळणारी प्रत्येक ओळ हाताने बघा. दुसरी: पाच दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत सारखे असलेले बिंदू मोजा. एकाच बिंदूवर ढीग लागला असेल तर तो बहुधा गावाचा किंवा काउंटीचा मध्यबिंदू आहे, बिगफूटची आवडती जागा नव्हे. हे ढीग हीटमॅपमध्ये सुंदर लाल गोळे बनून दिसतात आणि माणसं त्यांच्यावर लेख लिहितात. तिसरी: रेखांशाचं ऋण चिन्ह. ते गळलं की सिएटलजवळचा बिंदू ईशान्य चीनमध्ये जाऊन पडतो. रिकाम्या रकान्याचं शून्य झालं तर ठिपका गिनीच्या आखातात दिसेल.

काउंटीचे सरकारी संकेतांक (पहिले दोन आकडे राज्याचे) वापरताना तो स्तंभ मजकूर म्हणून उघडा. एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं. वॉशिंग्टन ५३ आणि ओरेगन ४१ असल्यामुळे त्यांना काही होत नाही, पण कॅलिफोर्निया ०६ आहे. हम्बोल्ट काउंटीचा ०६०२३ चा ६०२३ होतो आणि जोडणी केल्यावर नेमका कॅलिफोर्निया रिकामा दिसतो. कारण सापडेपर्यंत दिवस जातो.

जुन्या कागदी नकाशांवरून घेतलेले आकडे असतील तर ते १९२७च्या उत्तर अमेरिकी आधारपृष्ठावर (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा जुना नमुना) असू शकतात. पश्चिम किनाऱ्याकडे त्याने सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. ५० मीटर त्रिज्या लिहिलेल्या नोंदींपुरतं हे महत्त्वाचं, बाकीच्यांसाठी सोडून द्या.

तारखेचंही तसंच. '१९७८चा उन्हाळा' या नोंदीला १ जून लिहू नका. वर्ष, महिना, दिवस असे तीन स्तंभ ठेवा, माहीत नाही ते रिकामं राहू द्या. शिवाय घटनेची तारीख आणि नोंद पाठवल्याची तारीख या दोन्ही हव्यातच. बीएफआरओ १९९५ साली सुरू झाली. सत्तरच्या दशकात पाहिलेली गोष्ट वीस-तीस वर्षांनी आठवून पाठवलेली असेल तर तिच्यातल्या महिन्यावर आणि वेळेवर किती भर द्यायचा, हे त्या दोन तारखांमधल्या अंतरावरून ठरवता येतं.

शेवटचं म्हणजे दुहेरी नोंदी. वर्तमानपत्रातली आणि बीएफआरओतली एकच घटना दोन वेगळ्या बिंदूंवर बसलेली असते. काउंटी तीच, तारखेत तीन दिवसांपर्यंत फरक आणि त्रुटीची वर्तुळं एकमेकांना छेदतात, अशा जोड्या बाजूला काढून वर्णन वाचा. आपोआप पुसू नका. एका गाडीतल्या चौघांनी पाहिलं तर प्रसंग एकच, म्हणून प्रसंग-क्रमांक वेगळा द्या आणि पुढची सगळी मोजणी प्रसंगांची करा.

मध्यक

विदागार यांनी सांगितलेली सफाई झाली असं धरून छेदाबद्दल, म्हणजे नोंदींना कशाने भागायचं याबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

लोकसंख्येने भागल्यावर नकाशा उलटा का झाला ते दोन काउंट्यांवरून बघा. २०२०च्या जनगणनेत वॉशिंग्टनमधल्या गारफिल्ड काउंटीत २,२८६ माणसं होती आणि किंग काउंटीत, म्हणजे सिएटल जिथे आहे तिथे, २२ लाख ६९ हजार ६७५. गारफिल्डमध्ये एकच नोंद झाली तरी दर लाखाला ४४ इतका दर येतो. किंग काउंटीला तो गाठायला हजाराच्या आसपास नोंदी लागतील. म्हणजे तुमच्या नकाशातला गडद रंग एका माणसाने एक अर्ज भरला की नाही यावर ठरतोय. छोट्या काउंट्या एकतर शून्य असतात नाहीतर शिखरावर, मध्ये कधीच नाहीत.

यावरचा पहिला उपाय म्हणजे एम्पिरिकल बेज पद्धतीने दर गुळगुळीत करणं. ज्या काउंटीची लोकसंख्या कमी तिचा दर सगळ्यांच्या सरासरीकडे जास्त ओढला जातो, मोठ्या काउंटीचा जवळपास तसाच राहतो. जिओडा हे मोफत सॉफ्टवेअर हे दोन क्लिकमध्ये करतं. प्रसंगसंख्या आणि लोकसंख्या असे दोन स्तंभ द्यायचे, बस.

त्याच जिओडात स्थानिक मोरान (शेजारच्या काउंट्यांचे दर एकमेकांसारखे आहेत का हे सांगणारा निर्देशांक) काढून 'लक्षणीय' काउंट्या रंगवायचा मोह होईल. तुमच्या तीन राज्यांत ३९ अधिक ३६ अधिक ५८ अशा १३३ काउंट्या आहेत. ०.०५ ची मर्यादा ठेवली तर मुळात काहीच नसतानाही त्यातल्या सहा-सात काउंट्या लक्षणीय दिसतील. म्हणून ९९९ फेरमांडण्या घ्या (दर काउंट्यांमध्ये पिसून पुन्हा मोजा) आणि खोट्या शोधांच्या दराची (फॉल्स डिस्कव्हरी रेट) मर्यादा लावा. त्यातून जे उरेल तेवढंच दाखवा.

दुसरा उपाय समाश्रयणाचा (रिग्रेशन). काउंटीतले प्रसंग हा परिणाम, लोकसंख्येचा लॉगरिदम ऑफसेट (गुणक १ वर पक्का ठेवलेलं चल) म्हणून, आणि स्पष्टीकरणासाठी जंगलाचं क्षेत्र, रस्त्यांची लांबी, पर्यटकांची संख्या वगैरे. मोजणीच्या आकड्यांसाठीच्या प्वासाँ प्रतिमानापासून सुरुवात करा, पण प्रचरण (व्हेरिअन्स) सरासरीपेक्षा बरंच मोठं निघेल, कारण नोंदी झुंडीने येतात. तसं दिसलं की ऋण द्विपद प्रतिमान घ्या. नाहीतर प्रत्येक चल फसवेपणाने लक्षणीय दिसेल.

पण खरी अडचण अशी की रहिवासी लोकसंख्या हा छेदच इथे अपुरा आहे. रानात कोणी राहत नाही, तरी लोक जातात. गिफर्ड पिंशो किंवा सिक्स रिव्हर्स या राष्ट्रीय वनांमध्ये वस्ती जवळपास नाही, पण शिकारी, मासेमार, गिर्यारोहक आणि लाकूडतोडे भरपूर. आपल्याला हवी आहे ती 'डोळे उघडे ठेवून बाहेर घालवलेल्या माणशी तासांची' संख्या. ती थेट कुठेच मिळत नाही, म्हणून पर्याय घ्यावे लागतात. राष्ट्रीय उद्यान सेवा प्रत्येक उद्यानाची महिन्याची अभ्यागतसंख्या जाहीर करते. वनसेवा प्रत्येक राष्ट्रीय वनात पाच वर्षांतून एकदा अभ्यागतांचं सर्वेक्षण करते. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावरच्या सस्तन प्राण्यांच्या नोंदी. हरीण, खार, रॅकून जो कोणी पाहतो आणि नोंदवतो, तो तिथे त्या वेळी हजर होता. प्रजातींची प्रतिमानं करणारे लोक याच कल्पनेवर पार्श्वबिंदू निवडतात: यादृच्छिक बिंदू न घेता त्याच प्रकारच्या निरीक्षकांच्या नोंदी पार्श्वभूमी म्हणून घ्यायच्या.

प्रत्यक्ष कृती अशी. दोन्ही थर समक्षेत्र अल्बर्स प्रक्षेपणात आणा (सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ५०७०). अंशांत हीटमॅप काढू नका. ४७ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ७६ किलोमीटरचा आणि अक्षांशाचा १११ किलोमीटरचा, त्यामुळे प्रत्येक गोळा उभट निघतो. यूटीएम या दुसऱ्या प्रक्षेपणाचा दहावा पट्टाही टाळा, १२० अंशापलीकडचा पूर्व वॉशिंग्टन त्यात बसत नाही. मग बिगफूटचे प्रसंग आणि सस्तन प्राण्यांच्या नोंदी यांचे दोन वेगळे कर्नल घनता-थर (प्रत्येक ठिपका ठरलेल्या त्रिज्येत पसरवून काढलेली दाटी) बनवा. त्रिज्या तीच, पेशीचा (नकाशातल्या एका चौकटीचा) आकार तोच. त्रिज्या तुमच्या त्रुटी-त्रिज्यांच्या मध्यकापेक्षा (मधल्या मूल्यापेक्षा) कमी ठेवू नका. २०, ३० आणि ५० किलोमीटर असे तीन नकाशे काढा. जो डाग तिन्हींत टिकतो त्याच्याबद्दल बोला. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये पहिला थर दुसऱ्याने भागा. छेद जिथे जवळजवळ शून्य आहे तिथे उत्तर आकाशाला भिडेल, म्हणून एका किमान घनतेखालच्या पेशी राखाडी रंगवून 'सांगता येत नाही' असं लिहा. ती राखाडी जागा नकाशावर असणं फार गरजेचं आहे.

असा नकाशा पूर्वी झालेला नाही असं नाही. जोशुआ स्टीव्हन्स यांनी २०१३ साली पेन स्टेट विद्यापीठात असताना बीएफआरओच्या ९२ वर्षांतल्या ३,३१३ नोंदी लोकसंख्येच्या शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. पश्चिमेत अनेक ठिकाणी विरळ वस्ती आणि दाट नोंदी अशी उलट जोडी दिसते, हे त्यातून कळलं. तुमचं काम त्याच्या पुढचं पाऊल आहे.

समोच्च_रेषा

दोघांचेही आभार. ढीग मोजले आणि खरोखरच बरेचसे लाल गोळे काउंटीचे मध्यबिंदू निघाले.

मध्यक, एक शंका. आयनॅचरलिस्ट २००८ साली सुरू झालं. माझ्या निम्म्याहून जास्त नोंदी त्याआधीच्या आहेत. मग तो छेद जुन्या नोंदींना कसा लावायचा?

मध्यक

लावायचा नाही. तक्ता दोन भागांत तोडा. २०१०नंतरच्या प्रसंगांना आयनॅचरलिस्टचा छेद, त्याआधीच्यांना दर दशकाची काउंटी लोकसंख्या आणि उद्यानांची जुनी अभ्यागतसंख्या. दोन नकाशे शेजारी ठेवा, एकत्र करू नका. आणि आयनॅचरलिस्ट घेताना ज्या नोंदींची जागा मुद्दाम धूसर केलेली आहे त्या गाळा. धोक्यातल्या प्रजातींचा बिंदू ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही टाकलेला असतो, म्हणजे तुमच्या भागात उत्तर-दक्षिण २२ किलोमीटरपर्यंत चूक.

रानवाचक

नद्या, ऋतू आणि वेळ या तीन आकृतिबंधांबद्दल मी लिहिते.

ओढ्यापासून अर्धा किलोमीटर हे ऐकायला मोठं वाटतं. पण कॅस्केडच्या पश्चिम उतारावर पाऊस इतका पडतो आणि ओढ्यांचं जाळं इतकं दाट आहे की डोळे मिटून नकाशावर कुठेही बोट ठेवलं तरी ओढा जवळच सापडतो. त्यामुळे 'इतके टक्के ठिपके ओढ्याजवळ' या वाक्याला एकट्याने काहीही अर्थ नाही. तुलना हवी. शिवाय डोंगरातले रस्ते नदीच्या खोऱ्यातूनच काढलेले असतात, माणसं रस्त्यावरून बघतात, म्हणून नोंदी रस्त्याजवळ आणि रस्ता नदीजवळ. नदीचा परिणाम बघायचा असेल तर आधी रस्त्याचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

तो असा काढा. त्रुटी-त्रिज्या ५०० मीटरच्या आतले प्रसंगच घ्या. प्रत्येक प्रसंगासाठी त्याच काउंटीत, रस्त्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर वीस यादृच्छिक बिंदू टाका. रस्ता ५० मीटरवर असेल तर बिंदूही शंभर मीटरच्या आत. रस्त्यांसाठी जनगणना विभागाचे टायगर नकाशे मोफत आहेत, पण त्यात वनसेवेचे कच्चे रस्ते नीट येत नाहीत, ते वनसेवेच्या संकेतस्थळावरून वेगळे घ्या. मग प्रसंगांचं आणि यादृच्छिक बिंदूंचं नदीपासूनचं अंतर, दोन्हींचे मध्यक आणि वितरण शेजारी ठेवा. अशा तुलनेत ओढ्यांचा बहुतेक प्रभाव विरघळून जाईल असा माझा अंदाज आहे, पण अंदाज बाजूला ठेवून मोजा.

ऑक्टोबरच्या वाढीचंही हेच. वॉशिंग्टनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो. पहाटेपासून झाडीत शांत बसून हालचाल टिपणारी हजारो माणसं एकदम रानात येतात. जुलै-ऑगस्टमधली वाढ तंबू टाकणाऱ्यांची असते. वर्णनात साक्षीदार तिथे काय करत होता हे जवळपास प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असतं. ते वाचून 'शिकार, मासेमारी, तळ ठोकणं, गाडी चालवणं, घरी, कामावर' असा स्तंभ भरा. मग महिन्यांचा आलेख प्रत्येक गटाचा वेगळा काढा. फक्त गाडी चालवणाऱ्यांचा आलेख सगळ्यात बोलका ठरेल, कारण लोक बारा महिने गाडी चालवतात.

वेळेसाठी घड्याळ वापरू नका, सूर्याची उंची वापरा. सिएटलला जूनअखेर सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत. 'सहा ते नऊ' या एका कप्प्यात उन्हाळ्यातलं लख्ख ऊन आणि हिवाळ्यातला मिट्ट काळोख एकत्र पडलाय. प्रत्येक नोंदीची तारीख, वेळ आणि बिंदू घेऊन सूर्य क्षितिजापासून किती अंश वर किंवा खाली होता ते काढा. आर भाषेत सनकॅल्क आणि पायथनमध्ये ॲस्ट्रल ही पॅकेजेस हे करतात. शून्य ते उणे सहा अंश हा नागरी संधिप्रकाश, तो कप्पा वेगळा ठेवा. उन्हाळी वेळेचे नियम १९८७ आणि २००७ साली बदलले आहेत, म्हणून एक तास हाताने वजा करू नका. कालक्षेत्र 'अमेरिका/लॉस एंजेलिस' असं द्या, जुने नियम त्या तक्त्यात आहेत. तारीख नीट माहीत नसलेल्या नोंदी या भागातून सरळ वगळा.

संधिप्रकाशात नोंदी जास्त निघाल्या तर दोन अर्थ संभवतात. सस्तन प्राणी तेव्हा खरोखर जास्त फिरतात आणि माणसाला तेव्हा कमी स्पष्ट दिसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरे असल्यामुळे नुसत्या वेळेवरून निवाडा करता येत नाही. बीएफआरओची वर्गवारी इथे उपयोगी पडते. 'अ' म्हणजे गैरसमजाला वाव कमी असलेलं स्पष्ट दर्शन, 'ब' म्हणजे अंतर, अंधार किंवा फक्त आवाज, 'क' म्हणजे ऐकीव. 'अ' आणि 'ब' यांचं सूर्याच्या उंचीनुसार वितरण वेगळं काढा. मात्र 'अ' म्हणजे सिद्ध झालेलं असं नव्हे, परिस्थिती स्पष्ट होती इतकंच. नोंदी प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक साक्षीदाराशी बोलतात, त्यामुळे उत्साही स्वयंसेवक ज्या भागात आहे तिथल्या नोंदी जास्त झळकण्याची शक्यता असते. तपासणाऱ्याचं नाव पानावर असेल तर त्याचाही सांकेतिक क्रमांक तक्त्यात घ्या.

आता अस्वल. काळ्या अस्वलाचा थर न घेता हे काम पुरं होणारच नाही. २००९ साली जर्नल ऑफ बायोजिओग्राफीत लोझियर आणि सहकाऱ्यांनी याच तीन राज्यांतल्या सास्क्वाचच्या (बिगफूटचंच दुसरं नाव) नोंदी घेऊन मॅक्सेंट या सॉफ्टवेअरने अधिवासाचं प्रतिमान केलं. नकाशा अतिशय देखणा आला आणि काळ्या अस्वलाच्या नकाशाशी इतका जुळला की दोघांत सांख्यिकी फरक दाखवता आला नाही. त्यांचा इशारा असा होता की ओळख शंकास्पद असलेल्या नोंदींतूनही प्रतिमान छान निघतं, म्हणून प्रतिमान छान आलं हा पुरावा नाही. पुढे २०२४ साली जर्नल ऑफ झूलॉजीत फ्लो फॉक्सन यांनी राज्य आणि प्रांत पातळीवर लोकसंख्या आणि वनक्षेत्र यांचा परिणाम वेगळा काढून तपासलं. दर हजार अस्वलांमागे नोंदी सरासरी ४ टक्क्यांनी वाढतात असं आढळलं. त्याच लेखात हेही आहे की जिथे काळ्या अस्वलांची प्रजनन करणारी संख्या ज्ञात नाही अशा राज्यांतूनही नोंदी येतात.

काउंटी पातळीवर अस्वलांची गणना मिळणार नाही. वॉशिंग्टनचा वन्यजीव विभाग शिकारीचे आकडे व्यवस्थापन-घटकांनुसार देतो, ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात काउंट्यांत वाटून घ्या. पण शिकारीचा आकडा अस्वलांइतकाच शिकाऱ्यांवरही अवलंबून असतो, हे टिपेत लिहा.

अस्वलाच्या कल्पनेची एक चांगली परीक्षा हिवाळ्यात होते. उंचावरची अस्वलं थंडीत महिनोन्‌महिने बिळात असतात. गाडी चालवणाऱ्यांच्या गटात, किनाऱ्यालगतचा सखल भाग सोडून, डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या नोंदी किती घटतात ते बघा. आणि पाऊलखुणांच्या नोंदी पाहण्याच्या नोंदींत मिसळू नका. अस्वलाचं मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडलं की एक लांबलचक पाऊल दिसतं. वर्णनात सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे असेल तर जरूर टिपा. माणसाचं आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं बाहेरच्या.

मध्यक

रानवाचक यांच्या प्रतिसादात एक भर. नोंदी झुंडीने येतात असं मी वर म्हटलं, ते मोजायची सोपी चाचणी आहे: नॉक्स चाचणी, मूळची रोगांच्या साथी ओळखण्यासाठीची. प्रसंगांच्या सगळ्या जोड्यांपैकी १० किलोमीटर आणि ३० दिवस या दोन्हींच्या आत असलेल्या जोड्या मोजा. मग ठिकाणं तशीच ठेवून तारखा ९९९ वेळा पिसा आणि दर वेळी मोजा. खरी संख्या पिसलेल्यांपेक्षा मोठी असेल तर एक नोंद दुसरीला जन्म देत असावी. अंतर आणि दिवस आधी ठरवून लिहून ठेवा, निकाल बघून बदलू नका.

झुंड सापडली तर तिच्या आधीची बातमी शोधा. उत्तर कॅलिफोर्नियातला ब्लफ क्रीक बघा. १९५८ साली तिथल्या रस्त्याच्या कामावर मोठे ठसे सापडले, बातमीतून 'बिगफूट' हे नाव सर्वतोमुखी झालं. २० ऑक्टोबर १९६७ रोजी पॅटरसन आणि गिमलिन यांनी तिथेच बिगफूटचं म्हणून गाजलेलं चित्रण केलं. कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारल्यावर ५८चे ठसे त्यांनी लाकडी पावलांनी उमटवले होते असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलं. वॉशिंग्टनमधल्या स्कॅमेनिया काउंटीने १९६९ साली बिगफूटला मारायला बंदी करणारा नियमच केला. या तारखांच्या आगेमागे त्या-त्या काउंट्यांतल्या नोंदी अभ्यासायच्या तर घटनेचं वर्ष आणि कळवल्याचं वर्ष हे दोन आलेख वेगळे काढा. बातमीचा परिणाम दुसऱ्यात आधी दिसतो.

समोच्च_रेषा

क्रम आता स्पष्ट झाला. आधी त्रुटी-त्रिज्या आणि प्रसंग-क्रमांक, मग साक्षीदार काय करत होता हा स्तंभ, मग छेद. शेवटचा प्रश्न: नकाशा जाहीर करताना ठिपके द्यावेत का?

विदागार

नेमके ठिपके देऊ नका. बऱ्याच नोंदी खाजगी जमिनीवरच्या आहेत आणि अनोळखी माणसं रात्री टॉर्च घेऊन तिथे पोचतात. १० किलोमीटरच्या षट्कोनांची जाळी टाका, क्यूजीआयएसच्या 'जाळी तयार करा' या साधनात षट्कोनाचा पर्याय आहे. प्रत्येक षट्कोनाला दोन आकडे द्या: प्रसंग किती आणि छेद किती. एखाद्या षट्कोनात तीनपेक्षा कमी प्रसंग असतील तर आकडा न देता '१-२' लिहा. ज्या नोंदींची त्रुटी-त्रिज्या १० किलोमीटरपेक्षा मोठी आहे त्या जाळीत टाकू नका, त्यांचा काउंटीनिहाय तक्ता सोबत जोडा. आणि तक्त्याबरोबर स्तंभांचं वर्णन करणारी एक साधी मजकूर-फाइल ठेवा: त्रिज्या कशी ठरवली, कुठल्या नोंदी कुठल्या मोजणीतून का गाळल्या, कुठल्या तारखेला यादी उतरवली. बीएफआरओच्या यादीत जुन्या घटनाही नव्याने भरल्या जातात, त्यामुळे उतरवल्याची तारीख नसेल तर तुमची मोजणी दुसऱ्या कोणाला जुळवून बघता येणार नाही.